पिंग जास्त येतोय? आधी केबल लावून बघा

पहिलं म्हणजे, घाईघाईत मोठा प्लॅन घेऊ नका. स्पीड वेगळा, लेटन्सी (डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, जो पिंगने मोजतात) वेगळी. १०० एमबीपीएसचे ३०० केले तरी कॉलमधलं अडखळणं तसंच राहू शकतं.

लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि राउटरच्याच पत्त्यावर पिंग करा (कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनलमध्ये ping आणि पुढे पत्ता). बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर १ मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. मग तेच वाय-फायवर करा. आकडा ३, ५ आणि मधेच १८० अशा उड्या मारत असेल तर दोष वाय-फायचा. इंटरनेट कंपनीशी भांडून उपयोग नाही. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर या, राउटर टीव्हीमागून बाहेर काढा.

राउटरपर्यंत सगळं ठीक, पण केबलवरूनही ८.८.८.८ चा (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) पिंग चढतोय? मग घरातले मोबाइल बघा. कुणाचा तरी फोटो बॅकअप चालू असतो, अपलोड तुंबतं आणि सगळ्यांचाच पिंग बोंबलतो. हे कारण फार वेळा निघतं, तपासत मात्र कुणी नाही. सगळं बंद करूनही फरक पडला नाही, तर खुशाल तक्रार करा. केबलवरचे आकडे वेळेसकट द्या.

नवीन माणूस हमखास करतो ते:

- एकदम चार सेटिंग बदलणं. मग कशाने फरक पडला ते कळत नाही.
- डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून गेमचा पिंग उतरेल अशी आशा धरणं.
- व्हीपीएन (सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा) चालू ठेवून मोजणं.

क्यूओएसला (कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं राउटरचं सेटिंग) एवढ्यात हात लावू नका. आधी हे आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.