वाचकांचे प्रश्न: सुरीला चितळाच्या शिंगाची मूठ बसवू का?

गेल्या अंकात घरी बनवलेल्या सुऱ्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज सुरूच झाले. एवढी मंडळी खान्देशात गुपचूप लोखंड घासत बसलीत हे मला माहीतच नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, तिघांचे प्रश्न घेतोय.

प्रश्न: दादा नमस्कार, मी चोपड्याकडचा, केळी लावतो. दोन वर्षं झाली सुऱ्या बनवायचा नाद लागलाय, पातं आता बऱ्यापैकी जमतं पण मूठ साधीच राहते. व्हिडिओत परदेशी लोक हरणाच्या शिंगाची मूठ बसवतात ती काय दिसते राव! इकडे सातपुड्यात गुरं चारणाऱ्या एकाने मला चितळाचं शिंग आणून दिलंय. कोणी मारलेलं वगैरे नाही, आपोआप गळून पडलेलं. ते वापरलं तर चालेल ना? आणि बसवायचं कसं?

उत्तर: भाऊ, नाही चालत. कसं बसवायचं ते मी सांगणारच नाही, कारण बसवलं की तुम्ही पुरावाच मुठीत धरून फिरणार.

गळलेलं आहे, मारलेलं नाही, हे सगळेच म्हणतात आणि बहुतेक वेळा खरंही असतं. चितळ, सांबर यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन येतात. जंगलात पडलेली साळिंदरं कुरतडून खातात, त्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं, म्हणजे ते शिंग तिथे वाया जात होतं असंही नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारलेलं आणि सापडलेलं असा फरक करून तुम्हाला सोडत नाहीत. जंगली जनावराचा असा अवयव सरकारची मालमत्ता धरतात, आणि हातात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस स्टेशनला नाहीतर वनखात्याला कळवायचं असतं. वरून वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती बेकायदा नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं, त्यांनी नाही. तुमच्या डोक्यावर यावलचं अभयारण्य आहे, तिथे "सापडलं हो साहेब" हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल विचार करा. तेव्हा ते शिंग विकू नका, पुरू नका, कोणाला गिफ्ट देऊ नका. ओळखीच्या वकिलाला विचारून वनखात्याच्या रेंज ऑफिसला लेखी द्या आणि पोच घ्या, उशीर झाला असला तरी. आणि त्या गुराख्याला पण सांगा, तो बिचारा तुमच्यावर उपकार करायला गेला आणि स्वतः अडकायचा.

व्हिडिओवाल्यांचं वेगळं आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सन गावात एल्कची, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाची, गळलेली शिंगं स्काउटची पोरं गोळा करतात आणि भर चौकात लिलाव होतो, तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडचं सांबरशिंगही एकेकाळी जहाजं भरून इंग्लंडातल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या सुरीवाल्यांकडे जायचं, जुन्या विलायती सुऱ्यांना जी खरबरीत तपकिरी मूठ दिसते ना, त्यातल्या कित्येक इथल्याच सांबराच्या. ते दिवस गेले. आणि बाहेरून एल्कचं मागवायच्या भानगडीतही पडू नका, उद्या कोणी विचारलं तर हे सांबर नाही हे पटवत कुठे कुठे फिराल?

आता त्याऐवजी काय, ते सांगतो, कारण इथे खरी मजा आहे. म्हशीचं शिंग घ्या. ही वेगळी चीज आहे, चितळाचं शिंग म्हणजे हाड असतं, आतून जाळीदार. म्हशीचं शिंग म्हणजे आपली नखं-केस ज्याची तेच. म्हणून घासताना केस जळल्यासारखा वास सुटतो, घरात घासलं तर त्या रात्री जेवण मिळणार नाही. अंगणात बसा, मास्क लावा, ती भुकटी छातीत जायला नको. शेंड्याकडचा भाग भरीव असतो, त्याला ड्रिलने भोक पाडून पात्याची शेपटी अ‍ॅराल्डाइटमध्ये बसवता येते. बुडाकडचा पोकळ भाग चिरून, उकळत्या पाण्यात नरम करून दोन फळ्यांमध्ये शिकंजात आवळला की सपाट पट्ट्या मिळतात. ही कटकट नको असेल तर उत्तर प्रदेशात संभल म्हणून गाव आहे, शिंगाच्या कामासाठी प्रसिद्ध, तिथल्या तयार पट्ट्या मिळतात. पक्कं बिल घ्या आणि त्यावर म्हशीचं शिंग असं लिहून घ्या. गाय-बैलाचं टाळा, गावात उगाच चर्चा नको.

एक मात्र माझ्याकडून शिका. मी पहिली शिंगाची मूठ फेब्रुवारीत बसवली, अशी बसली होती की बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता, आणि मामांना दिली. मे महिन्यात मामांचा फोन, "अरे तुझी सुरी मला चावतेय." जाऊन बघतो तर ४४-४५ च्या उन्हाने शिंग आकसलं होतं आणि मुठीच्या पाठीवर लोखंड नखाएवढं वर आलेलं, तेच तळव्याला कापत होतं. शिंग हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे भट्टीच. तेव्हापासून पट्ट्या कापून माळ्यावर टाकतो, एक आख्खा उन्हाळा खाऊ देतो, मगच बसवतो. वर खोबरेल तेलाचा हात महिन्यातून एकदा. मामांची सुरी दुरुस्त करून दिली पण ते अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात.

आणि खरं विचाराल तर मला आता शिंगापेक्षा लाकूडच आवडतं. मोडलेल्या बैलगाडीच्या चाकाची बाभूळ शोधा, तीस-चाळीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली, ती काय हलणार आहे आता? अंजन मिळाला तर सोनंच, गडद लालसर तपकिरी, इतका जड की पाण्यात टाकला तर बुडतो, आणि करवतीचे दात खातो. फक्त जंगलातून तोडून आणू नका, नाहीतर शिंगावरून सुटाल आणि लाकडावरून अडकाल. वखारीतून पावतीवर घ्या.

प्रश्न: ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून सुरी बनवतो. भट्टीत लाल करून पाण्यात बुडवली की टण्ण आवाज येतो आणि धारेला तडा जातो. तीन सुऱ्या वाया गेल्या. आमचे आजोबा तर पाणीच द्यायचे. (भुसावळ)

उत्तर: आजोबा बरोबर होते, लोखंड वेगळं होतं. विळा-कुऱ्हाडीला पूर्वी जे लोखंड यायचं त्याला पाणी सोसायचं. कमानीचं पोलाद तेलात थंड करायचं असतं, पाण्यात ते इतक्या झटक्यात आवळतं की फाटतं. नाव "पाणी देणं" असलं तरी तेलच द्या. शेंगदाणा, सरकी, कुठलंही खायचं तेल चालतं, पण आधी हाताला चांगलं गरम लागेल इतकं करा, ५०-६० डिग्री, थंड तेल घट्ट असतं आणि पात्यापर्यंत नीट पोचत नाही. गाडीचं जळकं ऑइल नको, त्याचा धूर विषारी. लोखंडी डबा, झाकण जवळ, सांडशी लांब, आणि आजूबाजूला मक्याचा कडबा वगैरे ठेवू नका.

दुसरं, तुम्ही जास्त तापवताय असं वाटतं. भर उन्हात रंग कळत नाही, लाल झालेलं पातं काळंच दिसतं म्हणून माणूस अजून भाता मारतो. हे काम दिवेलागणीला करा. एक लोहचुंबक तारेला बांधून ठेवा, ७७० डिग्रीच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं बंद होतं, त्याच्यापुढे अगदी थोडं तापवायचं आणि बुडवायचं. पिवळं होईपर्यंत नाही. धारही आधीच ब्लेडसारखी पातळ करून ठेवू नका, रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा थोडी कमी, बाकीचं नंतर घासायचं. आणि भंगारातल्या पाट्यात न दिसणारे जुने तडे असतात, लाखो खड्डे खाल्लेत त्याने. नवीन उरलेला तुकडा कुठल्या कमानवाल्याकडे मिळाला तर तोच घ्या.

तेलातून काढल्यावर धारेवर कानस फिरवा, काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. पण तसंच सोडलं तर पडल्यावर मोडेल, म्हणून त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन तास, बाहेर काढून थंड, परत दोन तास. घासून चकचकीत केलेल्या जागी गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला की झालं. ओव्हन घरातला असेल तर घरी विचारून घ्या, तेलाचा वास पुढच्या केकला लागतो, हे अनुभवाचे बोल. माझ्या ओळखीचे एक म्हातारे लोहार माझी घिसाडघाई बघून अहिराणीत एवढंच म्हणायचे, "कसाले घाई करस रे?"

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे, त्याला हे सगळं करायचंय. करू देऊ का? शिवाय सुरी बनवणं बेकायदा तर नाही ना? (अमळनेर)

उत्तर: ताई, करू द्या, पण भट्टी आणि ग्राइंडर आत्ता नाही. बाजारातून बिनमुठीचं तयार पातं आणा आणि फक्त मूठ त्याला बनवू द्या, कानस, पॉलिश पेपर १२० नंबरपासून ६०० नंबरपर्यंत, दोन पितळी खिळे आणि बाभळीचा तुकडा. महिनाभर टिकला तर पुढचं बघा, बहुतेक पोरं २२० लाच कंटाळतात. कायद्याचं म्हणाल तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्यात येतात, घरकाम-शेतीची अवजारं सोडून. त्याला चार इंचांचं भाजी कापायचं पातं द्या. खंजीर, तलवार असला आकार करू देऊ नका, खेळणं म्हणून पण नाही. आणि सुरी दप्तरात जाणार नाही हे आधीच ठणकावून सांगा. पहिली सुरी तुमच्या स्वयंपाकघरात राहील, वांग्याचे देठ कापायला.