स्टेजवर गेलं की सगळं विसरतंय

"मॅडम, घरात पाठ म्हणून दाखवते, पण स्टेजवर गेलं की ब्लँक." हे वाक्य मी सांगलीत समुपदेशन करताना इतक्या वेळा ऐकलंय की दार उघडून माणूस खुर्चीत बसायच्या आधीच कळतं. कॉलेजची पोरं, बँकेतले साहेब, बचत गटाच्या ताई, एक निवृत्त मास्तरसुद्धा, तीस वर्षं वर्गात बोलले आणि सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले तर पाय लटपटायला लागले. म्हणून एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

पोरगी पंचविशीतली, नवीन नोकरी. ऑफिसात दर महिन्याला एकानं ७ मिनिटं कुठल्यातरी विषयाची माहिती सांगायची पद्धत, तिनं विषय घेतला हळद. सांगलीची हळद म्हटल्यावर सोपं जाईल असं वाटलं असणार. माझ्याकडं आली ती चार पानं टाईप करून. वाच म्हटलं. "हळद ही एक बहुगुणी वनस्पती असून..." अशी सुरुवात, आवाज एकदम सातबारा वाचल्यासारखा सपाट, आणि संपायला लागली चौदा मिनिटं. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १००-१२० शब्द होतात, म्हणजे ७ मिनिटांत फार तर आठशे, हिचे सोळाशे होते.

पण पानं कमी करून भागणार नव्हतं. मी विचारलं, "मधे अडकलीस तर?"

"अडकायचंच नाही मॅडम."

"आणि अडकलीसच तर?"

"सगळे हसतील."

"हसले. मग?"

बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "मग कळेल ना सगळ्यांना, की मला काय येत नाही."

हा जो 'च' आहे ना, अडकायचंच नाही, चांगलं झालंच पाहिजे, माझ्या मते भीतीचं खरं घर तिथंच असतंय. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, ते शरीराचं काम आहे, बहुतेकांचं पहिल्या दोन-तीन मिनिटांत खाली येतं. चांगलं व्हावं ही इच्छा चांगलीच, पण तिची सक्ती झाली की एक शब्द विसरला तरी स्वतःची सगळी लायकी पणाला लागल्यासारखी वाटते. हिचं मूळ निघालं आठवीत. एक ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी, सरांनी लिहून दिलेलं भाषण, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" इथपर्यंत झोकात गेलं आणि पुढचं वाक्य आठवेना. ती उभीच. शाळा हसली. तेव्हापासून हिच्या डोक्यात भाषण म्हणजे पाठांतराची परीक्षा.

तीन-चार भेटी आम्ही याच्याभोवतीच फिरत होतो. पटतंय म्हणायची, पण कागद हातातून सुटत नव्हता. मग एकदा निघता निघता बोलणं सांगलीजवळच्या हरिपूरवर आलं, तिचं आजोळ तिथलं. मी सहज विचारलं, काय गं, ते हळदीचं पेव म्हणजे नेमकं काय असतं? मी खरंच कधी आत बघितलं नव्हतं.

आणि ती सुरू झाली. उभ्या उभ्या! जमिनीत खोल खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड, आत पोट मोठं, कडेनं पाला आणि चटया लावतात, मग हळद भरून तोंड बंद, आत वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आत श्वास घ्यायला हवा नसते, काही तास तसंच उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणूस खाली सोडायचा नाही. आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हा आबा दोन दिवस जेवले नव्हते. हे सांगताना डोळ्यात पाणी, हात हवेत खड्डा काढतायत, कागद खुर्चीवर पडलेला.

मी घड्याळ दाखवलं. "सहा मिनिटं बोललीस. कितीदा अडकलीस?"

"अडकले?" म्हणाली, "लक्षातच नाही."

तो क्षण मला अजून दिसतो. खोटं कशाला बोलू, मला त्या पेवाच्या प्रश्नाचा अभिमान वाटतो, कारण तो मी समुपदेशक म्हणून विचारलाच नव्हता, मला जाणून घ्यायचं होतं. आणि माहिती देणारं भाषण नेमकं हेच असतंय, समोरच्याला माहीत नाही, आपल्याला आहे, ते त्याच्या हातात द्यायचं. लक्ष स्वतःवरून उठून त्या गोष्टीवर गेलं की 'मी कशी दिसतीय' याला जागाच राहत नाही.

मग तयारी सोपी झाली. आधी एक वाक्य लिहायला लावलं, ऐकणारा घरी जाऊन बायकोला काय सांगेल? तिनं लिहिलं, आपल्याकडं हळद जमिनीच्या पोटात ठेवायचे. त्या वाक्याला धरून तीनच मुद्दे: पेव कसं असतं, त्यात हळद का टिकते, पुरानंतर काय झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन शेवटी दोन वाक्यांत. औषधी गुण सगळे काढून टाकले, ते लोकांना माहीत असतात (इथं ती जरा भांडली, कारण दोन पानं त्याचीच होती). पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पक्कं, बाकी एका कार्डावर मोठ्या अक्षरात नुसते शब्द. पाठ करायचं नाही, पण रोज मोठ्यानं उभं राहून बोलायचं, दरवेळी वाक्यं वेगळी आली तरी चालतील. आणि मोबाईलवर शूटिंग. ते बघून म्हणाली, "मॅडम, मला वाटलं मी थरथरत होते, यात तर दिसतच नाही." आपल्याला आतून जेवढं जाणवतं तेवढं समोरच्याला दिसत नाही, हे मी शंभरदा सांगून पटलं नसतं.

एक काम मुद्दाम दिलं, घरी सांगताना मधेच थांबायचं, कार्ड बघायचं, मग पुढं जायचं. अडकण्याचीच प्रॅक्टिस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, ज्यांच्या विचारांवर माझी सगळी भिस्त आहे, ते तरुणपणी भाषणाला फार घाबरायचे, म्हणून त्यांनी एकोणिसाव्या वर्षी ठरवून लोकांपुढं बोलायला सुरुवात केली, परत परत. भीती गेल्यावर बोलू असं म्हणत बसले नाहीत. तुम्हीही बसू नका, आधी दोन माणसांपुढं बोला, मग पाच.

भाषणाच्या दिवशी ती एकदा अडकली, २०१८ का २०१९ तिथं. कार्ड बघितलं, पुढं गेली. संध्याकाळी फोन आला, ऑफिसातले सहा जण येत्या रविवारी हरिपूरला पेव बघायला येणार म्हणतायत. आबा घाबरलेत, एवढ्या साहेब लोकांपुढं मला काय बोलता येतंय म्हणून.

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं आबा, भाषण नको. कंदील कसा सोडायचा तेवढं दाखवा."