प्रोटो-नॉर्स म्हणजे वायकिंग लोकांचीच भाषा ना? त्यातला एखादा शिलालेख आपल्यासारख्याला कळू शकतो का?

वायकिंगांची नाही, त्यांच्या खापरपणजोबांची म्हणा, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या भागातली. वायकिंग सुरू होतात आठव्या शतकाच्या शेवटी, तोवर ही भाषा पार आक्रसलेली, शब्दांच्या शेपट्या गळालेल्या आणि ती ज्यात कोरायचे त्या रून लिपीत 24 अक्षरं होती ती 16 वर आलेली. सिरीजमध्ये अंगावर गोंदवून फिरतात त्याचा हिच्याशी काडीचा संबंध नाही. आता कळू शकतो का म्हणाल, तर मला एक कळला आणि त्यावरून घरात भांडण झालं, ते सांगते.

मी नोकरीमुळं नॉर्वेत, ऑस्लोत असते. इथल्या ऐतिहासिक संग्रहालयात तुनेचा दगड आहे, साधारण इसवी सन 400 च्या आसपासचा धरतात, काही जण आणखी जुना. लाल ग्रॅनाइटचा, माणसाएवढा उंच. 1627 मध्ये ऑस्टफोल्ड भागातल्या तुनेच्या चर्चच्या आवारभिंतीत सापडला, म्हणजे कुणीतरी बांधकामाला दगड हवा म्हणून उचलून बसवलेला, आपल्याकडं वीरगळ पायरीला लावतात तसंच. दोन बाजूंना लेख आहे आणि ओळी नांगरासारख्या, एक इकडून तिकडं, पुढची तिकडून इकडं.

पहिल्या बाजूला सुरुवातच 'एक विवाझ' अशी आहे. मला वाटलं गोष्ट सुरू झाली, एक विवाझ होता! पण इथं 'एक' म्हणजे मी, आपल्या अहम् चं चुलत भावंड. मी विवाझनं वोदुरीदाझच्या मागं, माझ्या भाकरी राखणाऱ्या धन्याच्या मागं, हे कोरलं, असा साधारण अर्थ, पुढचं तुटलंय. 'भाकरी राखणारा' हे मी सजवून सांगत नाहीये, तिथं खरंच तसा शब्द आहे, आणि इंग्रजीतला लॉर्डसुद्धा मुळात भाकरीचा राखणदारच. 

खरी मजा दुसऱ्या बाजूला. 'थ्रियोझ दोहत्रिझ', तीन मुली. थ्रियोझ म्हणजे तीन आणि दोहत्रिझ म्हणजे दुहिता, आपली कोकणीतली धूव तीच. सोळाशे वर्षांपूर्वीचा दगड आणि दोन शब्द डिक्शनरी न उघडता कळले, मी तिथं उभ्या उभ्या हसायला लागले, शेजारचं जोडपं बघायला लागलं.

त्यापुढं 'दालिदुन आरबिया'. तिन्ही मुलींनी आरबिया केलं. आता आरबिया म्हणजे काय यावर दीडशे वर्षं पंडित भांडतायत. एका मतानं आरबिया म्हणजे वारसा, आजच्या नॉर्वेजियनमधला 'आर्व', आणि मग क्रियापद 'वाटून घेतलं' असं लावतात. दुसऱ्या मतानं आरबिया म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावानं घातलेलं जेवण, म्हणजे मुलींनी वडिलांचं तेरावं घातलं. (ज्या मुळापासून आरबिया आलं त्याच मुळापासून आपलं अर्भक आलंय म्हणतात, मुळात अर्थ पोरका किंवा लहान असा काहीतरी.)

हे वाचलं आणि मी हसायची थांबले.

कारण आमच्याकडं तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तेराव्याचा सगळा स्वयंपाक आम्ही दोघी बहिणींनी उपसला, दीडशे पानं, ताईच्या हाताला तळणाचे फोड आलेले, आणि पंगती उठल्या उठल्या दादानं माजघरात हक्कसोडपत्र आणून ठेवलं. वर म्हणतो, तुम्ही आहात तोवर उरकून घेऊ, परत सुट्टी कुठं मिळणार तुला. आई म्हणाली, सही कर गं, माहेर तुटेल. ताईनं केली. मी म्हटलं, नंतर बघू. त्यानंतर मला भाऊबीजेचा फोन नाही, सलग तीन वर्षं. दादाचं एकच पालुपद, मुलींना वाटा हे सरकारनं काढलेलं नवं खूळ आहे, असं जगात कुठं नव्हतं.

जगात कुठं नव्हतं! मी तिथल्या तिथं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, हे बघ, सोळाशे वर्षं झाली, तीन मुली, वारसा, दगडावर. संग्रहालयातलं वायफाय बरं होतं. अर्ध्या मिनिटात दादाचं उत्तर, "त्यांना भाऊ नसेल."

राग आला, पण नंतर वाचत बसले तर हाच मुद्दा अभ्यासकांनीही काढलाय. मुलाचा उल्लेखच नाही लेखात. मुलगा नव्हता म्हणून मुलींकडं गेलं असेल, हे अगदी शक्य आहे. पुढं त्या मुलींना 'वारसांमधल्या सगळ्यांत अमुक' म्हटलंय, आणि तो अमुक शब्द नीट लागत नाही, कुणी सगळ्यांत जवळच्या म्हणतं, कुणी सगळ्यांत थोर, कुणी देवांच्या जवळच्या. दादाला हे कळवलेलं नाही, तुम्हीपण कळवू नका.

आणि नॉर्वेला डोक्यावर घ्यायचं कारण नाही हेही सांगून ठेवते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी येईल. 1274 च्या राजा माग्नुसच्या कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, समान वाटा 1854 ला आला, आणि शेतीवाडीवर थोरल्या मुलाचाच पहिला हक्क ही पद्धत मोडायला 1974 चा कायदा लागला. आपल्याकडं महाराष्ट्रात 1994 ला मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मानं हक्क दिला (तेव्हा आधीच लग्न झालेल्यांना वगळून), देशभर 2005 ला, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 ला बाप जिवंत नसला तरी मुलीचा हक्क जात नाही. तेव्हा ज्यांच्यापुढं कागद येईल त्यांनी तेराव्याच्या दिवशी सही करू नका, एवढं तरी ऐका. रडून रडून डोळे सुजलेले असतात, अक्षर दिसत नाही. मी वकील नाही, पण एवढं कळायला वकील लागत नाही.

हां, तुमचा प्रश्न. शिकायची असेल तर सरळ प्रोटो-नॉर्सवर जाऊ नका, शिकण्यासारखं फार उरलेलंच नाही, काहीशे लेख आणि बहुतेकांत एखाद-दुसरा शब्द. आधी जुनी नॉर्स, म्हणजे वायकिंगांच्या काळातली पुढची भाषा, शिका, तिच्यात ढीगभर वाचायला आहे, मग मागं या. संस्कृतच्या विभक्त्या पाठ असतील तर अर्धं काम झालंच, 'राम' म्हणताना रामः चा विसर्ग जातो तसाच इथं वोदुरीदाझचा शेवटचा झ पुढं घसरत गेला. अक्षरं मात्र आठ दिवसांत येतात, सगळ्या सरळ रेघा, लाकडावर कोरायच्या म्हणून. सर्वांत जुना दगड बघायचा असेल तर 2021 ला ऑस्लोच्या वायव्येला टिरीफ्योर्ड तळ्याजवळ एका थडग्यात मिळालाय, तुनेच्यापेक्षाही जुना, त्यावर 'इदिबेरुग' असं काहीतरी आहे, बहुधा नाव, बाईचं असू शकतं. बघितलं का, परत बाईच.

दादा, तू हे वाचतोसच हे मला माहीत आहे, वहिनीनं सांगितलंय. मला सगळं नकोय. विहिरीकडचे वीस गुंठे दे, बाकी ठेव, आणि भाऊबीजेला फोन कर.