२० वर्षांची टॉनी पोर्ट चाखून गुण कसे द्यायचे?

टॉनी पोर्ट म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली पोर्तुगालची गोड, कडक वाइन. आधी बाटली थोडी गार करा, १२ ते १६ अंश. कोमट टॉनीत अल्कोहोलचा झणका नाकात बसतो आणि बाकी सगळं झाकलं जातं. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कडेला विटकरी-पिवळी झाक दिसेल. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं हवा लागून लाल रंग असा उतरतो. मग वास: अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल. मी २० पैकी गुण देतो आणि सगळ्यात जास्त आंबटपणाला, कारण तो नसेल तर नुसती काकवी उरते. घोट गिळल्यावर चव किती रेंगाळते तेही बघा. लेबलवरचे २० म्हणजे नेमकं वय नाही, वेगवेगळ्या वयाच्या वाइन मिसळून साधलेली ती शैली. बाटलीत कधी भरली ते मात्र तपासा. बाटलीत ती आणखी सुधारत नाही.