मालदीव, ट्युना आणि आयओटीसी: पट्टा त्यांचा, मग मासा कुणाचा?

तुमचा प्रश्न असा की मालदीवकडे स्वतःचा २०० सागरी मैलांचा पट्टा आहे, मग ट्युना किती धरायचा हे इंडियन ओशन ट्युना कमिशन (आयओटीसी, हिंदी महासागरातल्या ट्युनाचे नियम ठरवणारी अनेक देशांची संस्था) का ठरवणार, आणि एवढा जाच आहे तर बाहेर का पडत नाहीत.

पट्टा त्यांचा असला तरी त्यातला ट्युना त्यांचा एकट्याचा नाही हो. स्किपजॅक काय, यलोफिन काय (ट्युनाच्याच दोन जाती), आज मालदीवच्या पाण्यात, पुढे आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी, जिथे स्पेन-फ्रान्सची मोठी पर्ससीन (थव्याभोवती गोल जाळं टाकून आवळणारी) जहाजं तराफे सोडून बसलेली असतात (सॅटेलाइटवरून ठावठिकाणा कळवणारा बोया लावलेले तरंगते तराफे, त्यांच्याखाली मासे जमतात, पिल्लंसुद्धा, आणि एकाच जाळ्यात सगळं उचललं जातं). मालदीववाले एकेक मासा गळाला लावून धोणीत (त्यांच्या बोटीत) फेकतात, आधी जिवंत चारा धरायचा, मग तो टाकून थवा बोटीजवळ खेळवायचा. एवढ्या मेहनतीनंतर बाहेर साठा संपला तर घरी बसायची पाळी त्यांचीच, म्हणून तर २०११ ला ते कमिशनचे पूर्ण सदस्य झाले.

आता खरी गोम. कमिशनचा ठराव पटला नाही तर १२० दिवसांत हरकत नोंदवायची, की तो तुम्हाला लागूच होत नाही! २०२३ च्या फेब्रुवारीत केनियातल्या मोंबासाला तराफ्यांवर वर्षात ७२ दिवस बंदी मंजूर झाली, युरोपियन युनियनने हरकत घेतली, सेशेल्सनेही घेतली. सेशेल्स पण छोटा बेटांचाच देश, पण तिथला कॅनिंगचा कारखाना चालतो त्याच पर्ससीनच्या मालावर, मग ते दुसरं काय करणार. त्यामुळे "बेटांचे देश विरुद्ध युरोप" असं सरळ चित्र कृपया रंगवू नका.

कपातीचं गणित तर अजून मजेशीर. २०१५ ला यलोफिनचा साठा खालावल्याचं ठरलं, २०१६ ला ठराव आला की पर्ससीनने २०१४ च्या मानाने १५ टक्के कमी धरायचं, गिलनेट (पाण्यात उभं सोडलेलं जाळं) आणि लाँगलाइनने (शेकडो गळांची लांब दोरी) १० टक्के, बाकी साधनांनी ५ टक्के, तेही ठरावीक टनांच्या वर धरणाऱ्यांनीच. म्हणजे ज्याने आधी भरपूर ओरबाडलं त्याचा आधारच मोठा, कापून पण त्याच्याकडे जास्तच उरतं. स्किपजॅकला २०१८ ते २०२० साठी वर्षाला ४,७०,०२९ टनांची मर्यादा होती, २०१८ मध्येच ६ लाखांच्या वर पकड गेली, कारण कुणाच्या वाट्याला किती हे ठरलंच नव्हतं. मर्यादा सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही.

माझ्या मते मालदीवला जास्त फटका बसतो तो मात्र बाजारात. २०११ ला ते अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडले, २०१४ पासून युरोपातली करमाफी गेली, डबाबंद ट्युनावर २४ टक्के ड्युटी. सेशेल्स, मॉरिशसचा माल करार असल्यामुळे विनाशुल्क जातो. म्हणजे गळाने धरलेल्या माशावर कर आणि जाळ्याने ओढलेला फुकट आत, आणि हे करणारं युनियन एकाच वेळी समुद्रातलं स्पर्धक, गिऱ्हाईक आणि नियम ठरवणारंही. पुन्हा बेकायदा मासेमारीबद्दल पिवळं कार्ड (म्हणजे देशाला ताकीद) दाखवायचा अधिकार पण त्यांच्याचकडे.

मग बाहेर का पडत नाहीत? काठी-गळाच्या स्किपजॅकला २०१२ ला एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, साठा टिकवून केलेल्या मासेमारीला शिक्का देणारी संस्था) सर्टिफिकेट मिळालं, त्या शिक्क्यावर युरोपातल्या सुपरमार्केटवाल्यांशी बोलणी होतात, आणि तो टिकवायला साठ्याचं नियोजन प्रादेशिक पातळीवर होतंय हे दाखवावं लागतं. २०१६ चा स्किपजॅकचा पकड-नियम (साठा पाहून मर्यादा ठरवणारा) मालदीवनेच लावून धरला होता, तो उगाच नाही. कमिशन सोडलं तर शिक्का धोक्यात, मासा तर तसाही बाहेर धरला जाणार, आणि त्या टेबलावर मालदीवच्या वतीने भांडायला कोणीच नसणार.