पोट्टे टिकत नाहीत म्हणता, पण बोलावता कोणाला?

प्रश्न: ताई नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत माझं मसाला पॅकिंगचं युनिट आहे, २८ माणसं. एकच डोकेदुखी आहे, पोट्टे टिकतच नाहीत. काम शिकवलं की दोन-तीन महिन्यांत कोणी डिलिव्हरीत जातो, कोणी पुण्याला, कोणी तर फोनच उचलत नाही. बालाघाट-छिंदवाड्याची पोरं कामाला चांगली, पण धानाच्या रोवणीला गेली की परत कधी येतील भरवसा नाही. आमचे सुपरवायझर ५६ वर्षांचे, ते म्हणतात आजकालच्या पोरांना कामच नको. पगार बाजारभावानेच देतो. काय करू?
एक उद्योजक, हिंगणा रोड

उत्तर: दादा, गेटवरच्या जाहिरातीचा फोटो सोबत पाठवलात ते बरं केलं. "पाहिजेत: मुलं, वय १८ ते २८, स्वतःची गाडी आवश्यक, वेळ ८ ते ८." आता बघा, असाच पोरगा बुटीबोरीच्या कंपन्यांना पाहिजे, मिहानच्या गोडाऊनला पाहिजे, डिलिव्हरीवाल्यांना तर पाहिजेच पाहिजे, मग सगळे ज्याच्या मागे लागलेत तो तुमच्याकडे बाजारभावात का थांबेल? आणि ८ ते ८ म्हणजे बारा तास झाले, ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, तो देता की नाही हे पत्रात कुठे दिसलं नाही. देत नसाल तर आधी ते सुरू करा, बाकीचं नंतर वाचा.

पाकीट वजन करून सील मारायला गाडी कशाला लागते हो? वानाडोंगरी, जयताळ्याकडे कितीतरी बाया आहेत ज्यांची लेकरं शाळेत गेली की दुपारपर्यंतचा वेळ मोकळा असतो, त्यांना नोकरी पाहिजे पण बारा तासांची जमत नाही. साडेनऊ ते साडेतीन अशी एक शिफ्ट काढून बघा. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत येते, तिथून गेटपर्यंत एक ऑटो महिन्याच्या बोलीवर लावला की शहरातल्या बायाही येऊ शकतात. पण आधी संडासाला आतून कडी आणि पाणी आहे का ते स्वतः जाऊन बघा, बाया काम सोडतात ते कितीदा याच्यापायी, आणि तोंडाने कोणी सांगत नाही. दहाच्या वर माणसं आहेत म्हणजे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते, ती फक्त कागदावर नको.

रिटायर्ड माणसांचा तर कोणी विचारच करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या नागपुरात वेकोलि (कोळसा खाणींची सरकारी कंपनी), रेल्वे, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले किती लोक आहेत, स्टोअरचा हिशोब, मशीनची देखभाल, मालाची तपासणी यात आयुष्य गेलेलं, त्यांना अर्धा दिवस बोलवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा त्यांची वेळ सकाळी सातची ठेवा, बसायला खुर्ची द्या, आणि बावीस वर्षांच्या पोराने त्यांना अहो-जाहोच बोलायचं हे पहिल्याच दिवशी सांगा.

ऐकू न येणारी मुलंमुली वजनकाट्यावर उत्तम काम करतात. मशीनला बझर आहे तिथे एक लाल दिवा बसवायचा, सूचना लिहून द्यायच्या, बस. पगार मात्र बाकीच्यांइतकाच. ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, महिन्याची पगारमर्यादा इतरांना २१,००० आहे, दिव्यांगांना २५,०००, तेव्हा पगार वाढला म्हणून दवाखान्याची सोय लगेच तुटत नाही.

रोवणीचं म्हणाल तर पोरांना शेती आहे, ते जाणारच. जूनमध्येच सुट्टी लिहून द्या, परत यायची तारीख ठरवा, तीच जागा आणि तोच पगार मिळेल असं लेखी द्या, आणि तेवढ्या दिवसांसाठी साडेनऊ ते साडेतीनच्या शिफ्टमधल्या ज्यांना तास वाढवून पाहिजेत त्यांना आधी विचारा.

राहिले तुमचे सुपरवायझर. पोरगा पहिल्या पंधरा दिवसांत कोणाच्या हाताखाली होता त्यावर त्याचं टिकणं ठरतं. नवीन पोराला बेल्टवर उभं करून नुसतं ओरडलं तर तो जाणारच ना बाप्पा. एका वेळी दोनच नवीन माणसं सुपरवायझरांकडे द्या, शिकवण्याचा वेगळा भत्ता द्या, आणि नवा माणूस तीन महिने टिकला की त्यांना बक्षीस द्या. पोरांना सुट्टीचा चार्ट महिना सुरू व्हायच्या आधी भिंतीवर दिसला पाहिजे. अ‍ॅप्रेंटिसही घेऊ शकता, अ‍ॅप्रेंटिससाठीच्या केंद्राच्या नॅप्स योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये सरकार देतं. पण त्याला झाडू मारायला लावू नका, मशीन शिकवा.

प्रश्न: वय ४१, बीकॉम, २०१६ मध्ये अकाउंटची नोकरी सोडली, मुलं लहान होती. आता बायोडेटात मधली वर्षं कशी दाखवू?
एक वाचक, मानेवाडा

उत्तर: ताई, "कौटुंबिक जबाबदारी" एवढं एका ओळीत लिहा, लपवू नका. अडचण वेगळीच आहे, जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, म्हणजे तुम्ही सोडल्यानंतर. आधी टॅलीत जीएसटी शिकून घ्या. मग धंतोली, रामदासपेठेतल्या सीएंच्या ऑफिसात जाऊन थेट विचारा, महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधी जीएसटी रिटर्नच्या घाईत त्यांना माणूस कमी पडतो, तेवढ्याच दिवसांचं काम मागा.