खाऊच्या डब्यातली झोपेची गोळी

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. आई, वय ७१, मार्चच्या मध्याला लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूजर्सीला गेली. तीन महिन्यांची औषधं सोबत दिली होती: रक्तदाबाची टेल्मिसार्टन, मधुमेहाची मेटफॉर्मिन, थायरॉइडची थायरॉक्सिन आणि रात्री झोपेसाठी अल्प्राझोलम ०.२५. बाळ वेळेआधी झालं आणि मुक्काम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबला. आता गोळ्या संपत आल्या आहेत. तिथे डॉक्टर महाग, म्हणून मुलगा इथून आणखी तीन महिन्यांची औषधं पाठवणार आहे. डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची. नाक्यावरचा केमिस्ट ओळखीचा, तो चिठ्ठी मागत नाही आणि बिलही कधी घेतलेलं नाही. कुरिअरवाल्याने सुचवलं आहे की औषधं असं लिहूच नका, बेसनलाडवांच्या डब्यात तळाशी ठेवा आणि कागदावर ‘खाऊ’ लिहा. वाचक विचारतात, ‘यात काही अडचण येईल का?’

मे उलटला की अशी पत्रं येऊ लागतात. गाव बदलतं, कधी आईच्या जागी सासरे असतात, डब्यात लाडवांऐवजी चकली असते. चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये, खोटं लिहू नये, हे सांगण्यात मी जागा घालवत नाही. या पत्रात चार औषधं आहेत आणि तुमचा प्रश्न त्यातल्या एकाच औषधाचा आहे.

अल्प्राझोलमची स्ट्रिप हातात घ्या. डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात लाल रंगात ‘एनआरएक्स’ ही अक्षरं दिसतील. बाकीच्या तीन स्ट्रिपांवर ती नाहीत. त्याचा अर्थ, ही गोळी नुसत्या औषधांच्या कायद्याखाली येत नाही. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, त्याखालीही येते. गांजा-चरसच्या बातम्यांत ज्याचं नाव वाचता, तोच कायदा.

त्याच्या कलम ८(क)ने असे पदार्थ बाळगणं, विकणं, देशाबाहेर पाठवणं, सगळ्यालाच बंदी केली आहे. वैद्यकीय कारणासाठी सूट आहे. पण कारण वैद्यकीय असून भागत नाही, गोष्ट नियमांत सांगितलेल्या रीतीनेही व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हे स्पष्ट केलं आहे. नियम काय म्हणतात? नियम ६६ रुग्णाला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत गोळ्या बाळगू देतो. उपचार दीर्घ मुदतीचा आहे असं डॉक्टरांनी खास लिहून दिलं असेल, तर ३०० पर्यंत. ही मुभा रुग्णाला आहे. मुलाला नाही, कुरिअरला नाही, ताईच्या नवऱ्याच्या मित्राच्या बॅगेलाही नाही. देशाबाहेर पाठवण्याचा नियम वेगळा, ५८ क्रमांकाचा. त्यासाठी ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोची निर्यात-परवानगी लागते. ती व्यवस्था औषध कंपन्यांसाठी आहे. तुम्हाला ती मिळेल, असं समजून पुढे जाऊ नका.

म्हणजे मार्चमध्येच डॉक्टरांकडे जाऊन ताजी, दीर्घ मुदतीची चिठ्ठी घेतली असती, तर आईच्या स्वतःच्या सामानात पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या कायद्याने बऱ्याच भक्कम आधारावर गेल्या असत्या. विमानाची तिकिटं, विमा, ताईसाठी डिंक-अळीवाची पिशवी हे सगळं जमलं आणि दवाखान्यातली पंधरा मिनिटं राहिली. मला याचा राग येतो, कारण हीच पंधरा मिनिटं पत्रामागून पत्रांत राहिलेली असतात.

आता लाडवांच्या डब्याबद्दल. परवानगीशिवाय निर्यात हा कलम २३चा गुन्हा आहे. पार्सल मुंबईच्या विमानतळावरच पकडलं गेलं तरी सुटका नाही. कलम २८खाली प्रयत्नालाही तीच शिक्षा आहे. शिक्षा ठरते वजनावर. अल्प्राझोलमसाठी ‘अल्प प्रमाणा’ची मर्यादा पाच ग्रॅम आहे. तुम्ही म्हणाल, नव्वद गोळ्यांत अल्प्राझोलम जेमतेम साडेबावीस मिलिग्रॅम. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की मिश्रण असेल तर त्यातल्या निरुपद्रवी भुकटीचंही वजन धरायचं. एकेक गोळी शंभर मिलिग्रॅमची मानली तरी नव्वद गोळ्या नऊ ग्रॅम होतात. अल्प प्रमाणात जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे. ती मर्यादा ओलांडली की दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. कंपनीने बनवलेल्या औषधी गोळीला हे गणित असंच लावावं का, यावर तुमचा वकील जोरात भांडेल, आणि त्याने भांडायलाच हवं. पण ते भांडण तुम्ही आरोपी झाल्यावरचं आहे.

शिवाय या कायद्यात कलम ३५ आहे. आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असं न्यायालय गृहीत धरतं. तो नव्हता, हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही संशयाला जागा न ठेवता. उघड पाकिटात, चिठ्ठीसह, ‘आईची औषधं’ असं लिहून पाठवलेल्या गोळ्यांबद्दल निदान अज्ञानाची बाजू मांडता येते. लाडवांखाली दडवलेली स्ट्रिप आणि ‘खाऊ’ लिहिलेला कागद यानंतर कोणता वकील काय मांडणार? तो कागद तुमच्या सहीचा असतो, सोबत तुमच्या आधारची प्रत असते. कुरिअरवाल्याची सही कुठेच नसते.

जामीन मिळेलही, कारण जामिनाच्या कडक अटी ‘व्यावसायिक’, म्हणजे कायद्यातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणाला लागतात. शेवटी निर्दोष सुटालही. पण नमुने कलिन्याच्या प्रयोगशाळेत जाणार, अहवाल येणार, आरोपपत्र, साक्षीदारांची वाट पाहणं. या खटल्यांना वर्षं लागतात, आणि न्यायालयाच्या या संथपणाची शिक्षा निर्दोष माणसालाही भोगावी लागते. एवढ्यात पासपोर्टचं नूतनीकरण अडतं, नोकरीत चौकशी लागते. अमेरिकेतही अल्प्राझोलम नियंत्रित औषध आहे, टपालाने मागवता येत नाही. पार्सल तिथे उघडलं तर पत्ता ताईचा असेल.

म्हणून ती स्ट्रिप पार्सलातून काढा. कोणत्याही रूपात पाठवू नका.

मग आईने काय करावं? ताईला आजच फोन करून गोळ्या मोजायला सांगा आणि संपण्याच्या किमान दोन आठवडे आधी तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्या. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या औषधांच्या दुकानात चालत नाही, तिथल्या परवानाधारकाचीच लागते. काही दवाखाने हे औषध अनोळखी रुग्णाला लिहून देत नाहीत, तेव्हा पहिल्या नकाराला थांबू नका. इथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत आजारांचा सारांश, औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि किती वर्षं चालू आहे, हे लिहून घ्या. आणि एक गोष्ट, जी खरं तर डॉक्टरांनी सांगायची: ही गोळी रोज घेणाऱ्याने एकदम बंद करायची नसते. झटके येण्याइतका त्रास होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या गटातल्या सगळ्या औषधांवर तसा चौकटीतला इशारा छापायला लावला. तेव्हा आईला ‘पंधरा दिवस काढ कशीतरी’ असं कृपा करून सांगू नका. तिथल्या डॉक्टरांच्या फीचे पैसे खर्च करा.

बाकीची तीन औषधं पाठवता येतात. नव्वद दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला औषधं मागवू देण्याची अमेरिकेच्या औषध प्रशासनाची पद्धत आहे. एका वेळी साधारण नव्वद दिवसांचीच, मूळ स्ट्रिपमध्ये, आईच्या नावाच्या बिलासह. सोबत इंग्रजीतली ताजी चिठ्ठी, ही स्वतःच्या वापराची आहेत असं डॉक्टरांचं पत्र, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत. ही सवलत आहे, हक्क नाही. पार्सल सोडायचं की अडवायचं हे तिथला अधिकारी ठरवतो. ऑगस्ट २०२५मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी बंद झाल्यापासून कागद जास्तच बारकाईने भरावे लागतात, शुल्क किती पडेल ते कुरिअरकडून आधी विचारा. मेटफॉर्मिनसारखं औषध तिथे विम्याशिवायही स्वस्त मिळतं. डॉक्टरांकडे जाणारच आहात, तर चारही तिथेच लिहून घेणं कदाचित सोपं पडेल.

प्रवास विम्यातून यातलं काही मिळेल असं धरू नका, बहुतेक पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. पण पॉलिसी मार्चमधल्या तारखांची असेल तर ती संपण्याआधी वाढवा, नंतर वाढत नाही. आणि व्हिसा दहा वर्षांचा आहे यावर विसंबू नका. राहण्याची मुदत आय-९४ या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख ठरवते. ती ताईला संगणकावर पाहता येईल. मुक्काम त्या तारखेपलीकडे जाणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज त्याआधी गेला पाहिजे, आणि त्यासाठी तिथल्या वकिलाला विचारा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की गेल्या वर्षीही असंच एक पार्सल ‘व्यवस्थित पोहोचलं होतं’. त्याबद्दल मला किंवा कुठल्याही सदराला पुन्हा लिहू नका. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं, वाचकाच्या पत्राला ते असेलच असं नाही. फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा, वकीलपत्रावर सही करा आणि मग बोला. जुने मेसेज, पावत्या यातलं काहीही त्याला विचारल्याशिवाय पुसू किंवा फाडू नका.